वाळूत धावणाऱ्या आरसी ट्रकला बेल्ट ड्राइव्ह: रत्नागिरीत करून घेतलेल्या कामाचा आढावा

माझ्या १:१० मापाच्या, मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या आरसी (रेडिओ-नियंत्रित) ट्रकचे मूळ पिनियन (मोटरवरचे लहान दातेरी चाक) आणि स्पर गिअर (त्याला जुळणारे मोठे दातेरी चाक) काढून त्यांच्या जागी टायमिंग बेल्ट (दातेरी पट्टा) बसवण्याचे काम मी रत्नागिरीजवळच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीतील एका लहान लेथ-मिलिंग वर्कशॉपकडून करून घेतले. हे काम पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, पुळणीवर (किनाऱ्यावरच्या वाळूत) आणि सड्यावर (कातळाच्या पठारावर) दोन्हीकडे पुरेसे वापरून झाल्यामुळे आता त्याविषयी सविस्तर लिहिता येईल. काम चांगले झाले आहे आणि किनाऱ्यावर गाडी चालवणाऱ्यांना मी ते निःशंकपणे सुचवेन. मात्र बेल्टचा फायदा बेल्टमुळे जेवढा मिळतो त्याहून अधिक तो बेल्टभोवतीच्या झाकणामुळे आणि मोटर धरून ठेवणाऱ्या प्लेटमुळे मिळतो, आणि या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष करून नुसते बेल्ट-पुली बसवणाऱ्याच्या पदरी निराशाच येईल.

बेल्टचा विचार का करावा लागतो, हे कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्याला फार समजावून सांगायला नको. आरसी ट्रकचा स्पर गिअर बहुधा नायलॉनचा आणि पिनियन पोलादाचा असतो. मूळचे प्लॅस्टिकचे कव्हर खालच्या बाजूने बंद नसेल, तर वाळूचा कण दोन दातांच्या मध्ये सापडतो आणि नायलॉनमध्ये रुतून बसतो. तिथून पुढे तो कण सॅंडपेपरसारखा पिनियनलाही झिजवू लागतो. वाळूतले क्वार्ट्झ खनिजांच्या कठीणपणाच्या मोहस् मापावर ७ कठीण असते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत, विशेषतः काळबादेवीच्या बाजूला, इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिज आढळते आणि तेही ५ ते ६ कठीण असते. या काळ्या वाळूचा आणखी एक त्रास असा, की तिच्यातले मॅग्नेटाइटचे कण चुंबकाला चिकटतात. मांडवीच्या पुळणीवर गाडी थोडा वेळ फिरवली, की मोटरच्या तोंडाशी, जिथे आतल्या चुंबकाचे क्षेत्र थोडे बाहेर डोकावते, तिथे काळ्या कणांची बारीक लव उगवलेली दिसते. ती फुंकर मारून जात नाही, ब्रशने काढावी लागते, आणि न काढल्यास नेमकी पिनियनवर सांडते.

ऑफ-रोड गाडीत बेल्ट ही काही नवी कल्पना नाही. शूमाखर या ब्रिटिश कंपनीची ‘कॅट’ ही चारचाकी ड्राइव्हची बग्गी १९८०च्या दशकातच बेल्टवर धावत होती, आणि १९८७च्या जागतिक स्पर्धेत जपानच्या मासामी हिरोसाका यांनी याच गाडीवर फोर-व्हील ड्राइव्ह गटाचे विजेतेपद मिळवले. पण त्या गाड्यांमध्ये बेल्ट गिअरबॉक्सपासून पुढच्या-मागच्या चाकांकडे शक्ती नेत असे, आणि त्याचा वेग मोटरच्या वेगापेक्षा बराच कमी असे. मोटरच्या शाफ्टवरच पुली बसवली, की प्रश्न पूर्णपणे बदलतो, आणि या कामाची खरी कसोटी तिथेच लागली.

मापे अशी ठरली. बेल्ट एचटीडी ३एम, म्हणजे दोन दातांमधले अंतर ३ मिलीमीटर, रुंदी ९ मिलीमीटर. लहान पुली २० दात्यांची आणि मोठी ६० दात्यांची, म्हणजे गुणोत्तर ३, आणि मूळ गिअरचे गुणोत्तरही त्याच्याच आसपास होते. थ्रीडी प्रिंटरमध्ये वापरतात तो २ मिलीमीटरचा जीटी२ बेल्ट स्वस्त आहे, सहज मिळतो आणि त्याच्या पुल्या लहान असल्यामुळे जागाही कमी लागते. तरीही वर्कशॉपच्या मालकांनी तो नाकारला, आणि त्यांचे कारण मला पटले. जीटी२ चा दात जेमतेम पाऊण मिलीमीटर उंच असतो, तर ३एमचा सव्वा मिलीमीटरच्या जवळ जातो. पुलीच्या खाचेत थोडी ओली वाळू दाबून बसली, तर उथळ दात वर उचलला जाऊन घसरतो. खोल दाताला तेवढी तरी मोकळीक राहते.

या निवडीची किंमत जागेच्या रूपाने मोजावी लागली. दात्यांची संख्या गुणिले ३, भागिले पाय, असा हिशेब केला तर २० दात्यांच्या पुलीचा व्यास १९.१ मिलीमीटर आणि ६० दात्यांच्या पुलीचा ५७.३ मिलीमीटर येतो. मूळ स्पर गिअर पंचेचाळीस मिलीमीटरच्या आसपास होता. ७५ दात्यांचा, म्हणजे २२५ मिलीमीटर लांबीचा तयार बेल्ट बाजारात मिळतो, आणि तो या दोन पुल्यांवर नीट बसवायचा तर दोन्ही शाफ्टच्या मध्यांमधले अंतर ४८.८ मिलीमीटर ठेवावे लागते. गिअरवर हेच अंतर तीस मिलीमीटरच्या आसपास होते. मोटर मागे सरकवली असती, तर आधीच मागे जड असलेल्या गाडीचे तोंड उडी मारताना आणखी वर उचलले गेले असते. त्यामुळे मोटर वरच्या दिशेने, किंचित पुढे कलती, अशी बसवली. गुरुत्वमध्य थोडा वर गेला आणि सड्यावरच्या कडक जमिनीत जोरात वळण घेताना ते जाणवते. वाळूत ते जाणवत नाही. कातळावर शर्यतीसारखी गाडी चालवणाऱ्याने या मुद्द्याचा आधी विचार करावा.

एवढासा बेल्ट मोटरचा जोर पेलेल का, ही शंका प्रत्येक जण विचारतो, म्हणून त्याचा हिशेब येथे मांडतो. ३५०० केव्हीच्या (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३५०० फेरे घेणाऱ्या) ब्रशलेस मोटरचा टॉर्क दर अँपिअरला सुमारे ०.००२७ न्यूटन-मीटर असतो. १०० अँपिअरचा झटका धरला, तरी शाफ्टवर ०.२७ न्यूटन-मीटर येतात आणि १९ मिलीमीटरच्या पुलीवर बेल्टला पडणारी ओढ २९ न्यूटन, म्हणजे साधारण ३ किलो वजनाइतकी भरते. ९ मिलीमीटर रुंदीच्या ३एम बेल्टला ही ओढ जड नाही. खरी अडचण वेगाची आहे. दोन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पूर्ण भरलेली असताना ८.४ व्होल्ट देते. त्यावर ही मोटर मोकळी फिरली तर मिनिटाला २९,४०० फेरे घेते आणि बेल्टचा वेग सेकंदाला २९ मीटरवर जातो. कारखान्यातल्या यंत्रांमध्ये एवढ्या लहान पुल्या इतक्या वेगाने क्वचितच फिरतात. म्हणून येथे ताकदीपेक्षा पुली किती खरी फिरते, म्हणजे तिचा मध्य शाफ्टच्या मध्याशी किती जुळतो, हे अधिक महत्त्वाचे ठरते. तीन सेलच्या बॅटरीवर हाच वेग सेकंदाला ४४ मीटरवर जाईल, आणि मी तरी या जोडणीवर तीन सेल लावणार नाही.

वर्कशॉपने पुल्यांचे दात स्वतः कापले नाहीत, आणि हा मी त्यांचा गुणच मानतो. एचटीडीचा गोलसर दात साध्या मिलिंग मशीनवर अचूक कापायचा, तर त्या आकाराचे खास कटर लागते, आणि नुसत्या अंदाजाने कापलेली पुली बेल्ट खाऊन टाकते. त्यांनी कोल्हापूरहून तयार ॲल्युमिनियमच्या पुल्या मागवल्या, मोठ्या पुलीचा मध्य बोअर करून ती स्लिपर क्लचच्या (मोठा झटका आला की घसरणाऱ्या क्लचच्या) चकत्यांवर बसेल अशी केली आणि लहान पुलीत पितळेचा बुश (शाफ्टवर बसणारी नळी) घातला. मोटरची प्लेट मात्र त्यांनी ६ मिलीमीटर जाडीच्या ॲल्युमिनियममधून एका तुकड्यात घडवली. माझ्या मूळ ड्रॉइंगमध्ये ती ४ मिलीमीटरची होती. त्यावर त्यांनी शांतपणे विचारले, “बेल्ट ताणायला तुम्ही खाच ठेवलेय, पण प्लेटच वाकली तर त्या खाचेचा उपयोग काय?” गिअरवर मोटर थोडी हलली तर आवाज येतो आणि दात झिजतात. बेल्टवर ती हलली तर ताण जातो आणि बेल्ट दात सोडतो. ६ मिलीमीटरच्या प्लेटने उड्या मारूनही आपली जागा सोडलेली नाही, आणि स्क्रू घट्ट केल्यावर ताण पुन्हा पाहिला तर तो तसाच असतो.

ताण किती ठेवावा यासाठी जुना नियम पुरेसा पडतो. बेल्टच्या मोकळ्या भागाची लांबी जितकी असेल, त्याच्या चौसष्टाव्या भागाइतका तो बोटाने हलका दाबल्यावर आत जावा. येथे मोकळा भाग ४५ मिलीमीटर आहे, म्हणजे बेल्ट सुमारे ०.७ मिलीमीटर दबला पाहिजे. अधिक ताणल्याने काहीच मिळत नाही. गिअर मोटरच्या शाफ्टला फक्त चालताना ढकलतो, बेल्ट मात्र गाडी उभी असतानाही शाफ्टला बाजूला ओढत असतो, आणि ती ओढ मोटरच्या पुढच्या बेअरिंगवर पडते. काही जण स्प्रिंगवर चालणारा आयडलर (बेल्ट दाबून धरणारे चाक) बसवून ताण आपोआप राखण्याचा विचार करतात. वर्कशॉपने तो सुचवला नाही, ते बरे झाले, कारण ब्रेक लावताना किंवा गाडी मागे घेताना बेल्टची ताणलेली आणि सैल बाजू अदलाबदल होते, आणि त्या क्षणी स्प्रिंग दबून नेमका तिथेच बेल्ट ढिला पडतो.

आता दोषाविषयी. पहिल्यांदा मिळालेल्या लहान पुलीचा बुश ३.२ मिलीमीटरच्या ड्रिलने पाडलेला होता. या आकाराच्या मोटरचा शाफ्ट एक अष्टमांश इंचाचा, म्हणजे ३.१७५ मिलीमीटरचा असतो. कागदावर फरक अगदी किरकोळ दिसतो, पण ड्रिलचे भोक ड्रिलच्या मापाहून थोडे मोठेच पडते आणि ग्रब स्क्रू (पुली शाफ्टवर पक्की करणारा बिनडोक्याचा स्क्रू) आवळला की पुली पूर्णपणे एका बाजूला सरकते. डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारे मापक) लावल्यावर काटा पाच शतांश मिलीमीटर हलताना दिसला. गाडी हातात धरून थ्रॉटल दिला, तर मध्यम वेगावर बेल्टचा मोकळा भाग धूसर, फुगीर दिसू लागे आणि एक घुमणारा आवाज येई. प्रत्येक फेऱ्यात ताण कमी-जास्त होत असल्याचे ते लक्षण होते. ही गोष्ट दाखवल्यावर मालकांनी वाद घातला नाही. त्यांनी नवा बुश लेथवर बोअर करून एक अष्टमांश इंचाच्या रीमरने (भोक नेमक्या मापाचे करणाऱ्या हत्याराने) शेवटचे माप काढले, ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर येईल असा फिरवला आणि पुन्हा गेज लावून दाखवले. काटा जवळजवळ हललाच नाही. तरीही हे पहिल्याच वेळी व्हायला हवे होते, कारण मोटरचा शाफ्ट त्यांच्या समोर टेबलावर होता. काम देणाऱ्याने ड्रॉइंगवर ‘३.२ चालणार नाही, रीमर वापरावा’ असे स्पष्ट लिहून द्यावे, असे मी सुचवेन. दुसरी लहान कुरबूर अशी, की प्लेटच्या कडांना चॅम्फर दिलेला नव्हता आणि मोटरच्या वायरी एका धारदार कडेला घासत होत्या. तो चॅम्फर मी कानसीने घरीच काढला.

स्लिपर क्लच कायम ठेवण्याचा आग्रह वर्कशॉपच्या मालकांचा आणि माझा, दोघांचाही होता. मागची चाके हवेत मोकळी फिरत असताना गाडी जमिनीवर आदळली, की त्या क्षणी येणारा धक्का वर मांडलेल्या २९ न्यूटनांच्या हिशेबात बसत नाही. तो कुठेतरी घसरून जायला हवा, आणि तो बेल्टच्या दातांवर न घसरता क्लचच्या चकतीवर घसरावा. मोठी पुली स्परच्याच जागी, त्याच चकत्यांमध्ये बसल्यामुळे क्लचचा नट पूर्वीप्रमाणेच फिरवता येतो. क्लच पूर्वीपेक्षा किंचित सैल ठेवावा.

मोटरच्या दिशेविषयी एक गोष्ट हे काम करून घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावी. पिनियन आणि स्पर एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात, बेल्टवरच्या दोन्ही पुल्या मात्र एकाच दिशेने फिरतात. त्यामुळे बाकी काही न बदलता बेल्ट बसवला, तर थ्रॉटल दिल्यावर गाडी मागे पळते. सेन्सर नसलेल्या ब्रशलेस मोटरच्या तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल केली की काम होते. सेन्सर असलेल्या मोटरवर असे कधीही करू नये, तिथे ईएससीच्या (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या सर्किटच्या) सेटिंगमधूनच दिशा उलटवावी लागते. ब्रश असलेल्या आणि टायमिंग एका दिशेला ठरवून दिलेल्या मोटरी उलट्या दिशेने कमी जोर देतात आणि अधिक तापतात, म्हणून अशा मोटरवर हे परिवर्तन करण्यात मला अर्थ वाटत नाही.

झाकण हा या कामाचा माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग आहे. वर्कशॉपने दिलेल्या प्लेटच्या मापांवरून रत्नागिरीतल्याच एका तरुणाने ते थ्रीडी प्रिंटरवर पीईटीजी प्लॅस्टिकमध्ये छापून दिले. पीएलए हे दुसरे प्लॅस्टिक स्वस्त पडले असते, पण ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि वैशाखात बंद गाडीच्या काचेमागे ठेवलेली वस्तू तेवढे तापमान सहज गाठते. झाकण दोन तुकड्यांत आहे. प्लेटशी जुळणाऱ्या कडेला पातळ फोम लावला आहे आणि मोटरचा शाफ्ट आत येतो तिथे फेल्टची चकती बसवली आहे. वाळू पूर्णपणे अडवता येईल असे कोणतेही झाकण नसते, म्हणून तळाशी एक छिद्र मुद्दाम ठेवले आहे, त्यातून आत गेलेली कोरडी वाळू आणि पाणी बाहेर पडते. हे छिद्र मागच्या बाजूला, चाकांनी उडवलेली वाळू थेट लागणार नाही अशा जागी असावे. भाट्याच्या सुरूच्या बनासमोरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत गाडी मनसोक्त पळवल्यावर झाकण उघडले, तेव्हा आत चिमूटभर वाळू तळाशी पडलेली होती आणि पुलीच्या खाचा स्वच्छ होत्या. झाकण काढून मुद्दाम चालवून पाहिले, तर थोड्याच वेळात लहान पुलीच्या खाचांमध्ये वाळू घट्ट बसली आणि जोरात थ्रॉटल दिल्यावर बेल्ट कडकड आवाज करत दात सोडू लागला. झाकण नसेल तर कोकणच्या पुळणीवर बेल्टपेक्षा गिअर बरा, असे मी याच अनुभवावरून म्हणतो.

चालवताना लगेच लक्षात येतो तो आवाज. गिअरची ती किरकिरणारी शीळ गेली आणि आता टायर वाळू कापत असल्याचा आवाज ऐकू येतो. संध्याकाळी किनाऱ्यावर फिरायला आलेल्या लोकांच्या दृष्टीने हे सुख लहान नाही. वेग वाढला असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये, गुणोत्तर तेच असल्यामुळे वेगही तोच राहतो. थ्रॉटल सोडून पुन्हा देताना गिअरच्या दातांमधली जी मोकळी खेळ जाणवत असे, ती जवळजवळ नाहीशी झाली आहे, आणि मऊ वाळूत चाक हळूहळू फिरवत गाडी बाहेर काढताना त्याचा स्पष्ट फायदा होतो. जांभ्याच्या तांबड्या धुळीत बेल्ट लाल होतो, पण कोरड्या ब्रशने ती धूळ निघते.

खाऱ्या हवेचा आणि पाण्याचा विचार वेगळा करावा लागतो. बेल्ट निओप्रीनचा असून त्याच्या आत काचेच्या तंतूंचे दोर आहेत, ते गंजत नाहीत. पॉलियुरेथेनच्या काही बेल्टांमध्ये पोलादी तारा असतात, ते किनाऱ्यासाठी घेऊ नयेत. काचेच्या तंतूंचा दोष असा, की बेल्ट एकदा घडी घालून दुमडला की आतले तंतू तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून जादा बेल्ट डब्यात सैल गोल ठेवावा. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियमच्या प्लेटमध्ये खाऱ्या ओलाव्यात राहिला, तर गंज स्क्रूला न लागता ॲल्युमिनियमला लागतो आणि पुढे स्क्रू निघता निघत नाही. माझ्या प्लेटच्या दोन भोकांभोवती पावसाळ्यानंतर पांढरी पूड आली होती. थ्रेडवर ग्रीस लावल्यापासून ती पुन्हा आलेली नाही. प्लेटला ॲनोडायझिंग करून घ्यायला हवे होते असे आता वाटते, पण ती सोय या वर्कशॉपकडे नाही आणि प्लेट बाहेर पाठवावी लागते. समुद्रावरून परतल्यावर झाकण उघडून बेल्ट आणि पुल्या विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. बेल्टवर तेल किंवा तेलकट स्प्रे मुळीच मारू नये, तो रबराला फुगवतो आणि वर वाळूही धरून ठेवतो.

गावखडी, गुहागर किंवा वेळाससारख्या, कासवे अंडी घालण्यासाठी येतात त्या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून विणीचा हंगाम संपेपर्यंत भरतीच्या रेषेच्या वर कोणतीही गाडी, लहान असली तरी, नेऊ नये.

प्लेट, दोन्ही पुल्या, बुश, दोन बेल्ट आणि झाकण मिळून साधारण चार हजार रुपये खर्च आला, त्यात सर्वांत मोठा वाटा प्लेटच्या मिलिंगचा होता. परदेशातून तयार संच मागवण्याच्या तुलनेत हे मला रास्त वाटते, कारण भाग समोर बसून मोजता येतो, चुकला तर त्याच टेबलावर दुरुस्त होतो आणि बेल्ट तुटल्यास त्याच मापाचा दुसरा बेल्ट औद्योगिक सामानाच्या दुकानात मिळतो. फक्त सड्यावर, मैदानात किंवा डांबरी रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला मात्र चांगल्या झाकणाआडचा गिअरच पुरेसा आहे, त्याने हे पैसे टायर आणि शॉकवर घालवावेत.

काम देताना मोटर, स्लिपर क्लचचा पूर्ण संच आणि गिअरबॉक्स सुटा करून सोबत न्यावा. नुसत्या छायाचित्रांवर किंवा इंटरनेटवरच्या मापांवर हे वर्कशॉप काम घेत नाही, आणि ते योग्यच आहे. शिमग्यात आणि गणपतीत वर्कशॉप बंद असते, शिवाय श्रावणापासून मूर्तींच्या गाड्यांचे आणि मंडपांच्या लोखंडी कामाचे काम त्यांच्याकडे रांगेत उभे राहते, म्हणून पावसाळ्यानंतर समुद्र शांत झाल्यावर गाडी तयार हवी असेल, तर ड्रॉइंग आषाढातच त्यांच्याकडे पोहोचलेले बरे.